गुलूच्या मुलींसाठी मदत : रकमेआधी वर्षे ठरवा

वाचकाचे पत्र

‘मी सांगली जिल्ह्यातील एका माध्यमिक शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाले. माझी मुलगी नोकरीनिमित्त कंपाला येथे राहते. तिच्याकडे गेले असता आम्ही उत्तर युगांडातील गुलू येथे मुलींच्या माध्यमिक शिक्षणासाठी काम करणारी एक लहान संस्था पाहिली. युद्धाने होरपळलेल्या त्या भागातील मुलींसाठी काही करावे, असे मनापासून वाटते. आईच्या स्मरणार्थ मी तीन लाख रुपये बाजूला ठेवले आहेत. संस्थेने काही मुलींचे फोटो आणि कहाण्या पाठवून त्यांतून एक मुलगी निवडण्यास सांगितले आहे. एकीच्या मांडीवर तिचे बाळ आहे. मला निवड करवत नाही. एकाच मुलीचा खर्च उचलावा की संस्थेला पैसे द्यावेत? आमचे महिला मंडळ कपडे, वह्या आणि सॅनिटरी पॅड गोळा करून पाठवायला तयार आहे. ते योग्य ठरेल का? पैसे पाठवण्याची कायदेशीर रीत कोणती? सध्या मी गावातील दोन मुलींच्या वसतिगृहाचा खर्च देते, तरीही घरचे विचारतात की आपल्याकडे गरजू मुली कमी आहेत का. त्यांना काय सांगू?’

उत्तर

आदरणीय बाई,

सादर नमस्कार. फोटोंमधून एक मुलगी निवडायला तुमचे मन धजावले नाही, ही तुमच्या पत्रातील सर्वांत मोलाची ओळ आहे आणि तिच्याविषयी मी पुढे सविस्तर लिहिणार आहे. त्याआधी तुमच्या तीन लाख रुपयांविषयी एक गोष्ट स्पष्टपणे सांगते, कारण बाकीचे सगळे सल्ले तिच्यावर अवलंबून आहेत. माध्यमिक शिक्षणासाठी मदत करताना रक्कम किती आहे यापेक्षा ती किती वर्षे पुरेल, याचा विचार आधी करावा लागतो. या रकमेत एका वर्षासाठी जास्तीत जास्त किती मुली शाळेत जातील, असे संस्थेला विचारू नका. प्रवेशापासून चौथ्या वर्षाच्या सार्वजनिक परीक्षेपर्यंत किती मुलींचा संपूर्ण खर्च यात निघेल, असे विचारा. उत्तर दोन मुली असे आले, तर दोनच मुलींसाठी द्या.

यामागचे कारण तेथील शाळांच्या रचनेत आहे. युगांडात प्राथमिक शिक्षण सात वर्षांचे असते आणि सातवीच्या अखेरीस संपूर्ण देशात एकच परीक्षा होते. त्यानंतर ‘सीनियर वन’ ते ‘सीनियर फोर’ अशी चार वर्षांची माध्यमिक शाळा, तिच्या शेवटी पुन्हा सार्वजनिक परीक्षा, आणि पुढे शिकायचे असल्यास आणखी दोन वर्षे, असा क्रम आहे. तेथील सरकारने १९९७ मध्ये प्राथमिक शिक्षण मोफत केले आणि २००७ मध्ये माध्यमिक शिक्षणासाठीही तशी योजना आणली. सहारा वाळवंटाच्या दक्षिणेकडील आफ्रिकेत असे पाऊल उचलणारा तो पहिला देश होता. तरीही योजनेतल्या शाळांत पालकांचा खर्च संपत नाही. दुपारचे जेवण, गणवेश, वह्या, परीक्षेची तयारी अशा अनेक कारणांसाठी पैसे भरावे लागतात, आणि मुलगी वसतिगृहात राहणार असेल तर गादी, मच्छरदाणी, पत्र्याची ट्रंक, पाण्याचा जेरीकॅन, झाडू, कधी कधी कागदाचे रीमसुद्धा तिने बरोबर आणायचे असते. शालेय वर्ष फेब्रुवारीच्या सुमारास सुरू होते, त्याची तीन सत्रे असतात, आणि सत्राचे पैसे वेळेवर न भरल्यास भर सत्रात मुलीला घरी पाठवले जाते. ती काही आठवडे घरी बसते, पैसे जमले की परत येते आणि पुढच्या सत्रात पुन्हा तेच घडते. तुम्ही आयुष्यभर वर्ग सांभाळले आहेत. अशा तुटक हजेरीने गणिताचे आणि इंग्रजीचे काय होते, हे मी तुम्हाला सांगण्याची गरज नाही.

एका वर्षाच्या देणगीवर शाळेत आलेली मुलगी दुसऱ्या वर्षी घरी परतली, तर ती पूर्वीच्या जागी परतत नाही. तिच्या ट्रंकेसाठी आणि गादीसाठी घरच्यांनी शेळ्या विकलेल्या असतात, धाकट्या भावंडाची पाळी मागे ढकललेली असते, आणि गावात तिच्याकडे आता शाळा सुटलेली, लग्नाच्या वयाची मुलगी म्हणून पाहिले जाऊ लागते. शिष्यवृत्तीच्या कामात मी आपल्याकडेही हेच पाहिले आहे. पहिल्या वर्षी देणारे पुष्कळ मिळतात, आणि परीक्षा तोंडावर येते त्या वर्षी कोणीच उरत नाही.

गुलूचा थोडा इतिहास सांगणे भाग आहे, कारण देणगीदारांना पाठवल्या जाणाऱ्या कहाण्यांत तो फार ढोबळपणे येतो. जोसेफ कोनीच्या ‘लॉर्ड्स रेझिस्टन्स आर्मी’चे सरकारविरोधी बंड १९८७ च्या सुमारास गुलूच्या परिसरात, अचोली लोकांच्या भागात सुरू झाले, आणि ऑगस्ट २००६ मध्ये शस्त्रसंधी होईपर्यंत जवळजवळ वीस वर्षे उत्तर युगांडा त्यात भाजून निघाला. अंतिम करारावर सही करण्यास कोनीने २००८ मध्ये नकार दिला, परंतु तोवर त्याची टोळी देशाबाहेर गेली होती आणि गावे पुन्हा वसू लागली होती. मुलांचे अपहरण हेच या टोळीचे भरतीचे मुख्य साधन होते. युद्धाच्या काळात वीस हजारांहून अधिक मुले पळवली गेली असा अंदाज आहे. त्यांतील मुलग्यांच्या हाती शस्त्रे दिली गेली आणि अनेक मुलींना टोळीतील सेनानींच्या बायका म्हणून वाटून देण्यात आले. सरकारी सैन्याने गावेच्या गावे उठवून लोकांना छावण्यांत ठेवले, आणि २००५ च्या सुमारास अशा विस्थापितांची संख्या १८ लाखांच्या घरात गेली होती. युद्धाच्या शेवटच्या वर्षांत रोज संध्याकाळी हजारो मुले अपहरणाच्या भीतीने खेड्यांतून पायी गुलूसारख्या शहरात येत, जागा मिळेल तेथे रात्र काढत आणि पहाटे परत जात.

आता एक साधा हिशेब करा. आज माध्यमिक शाळेत असलेली पंधरा-सोळा वर्षांची मुलगी शस्त्रसंधीनंतर जन्मली आहे. युद्ध तिने पाहिलेले नाही. ते तिच्या आईने पाहिले आहे. मुलीपर्यंत ते वेगळ्या वाटांनी पोचते, आणि तुमचे पैसे नेमके त्या वाटांवर खर्च व्हायला हवेत. अचोली आणि शेजारच्या लांगो भागातील कुटुंबांची साठवण म्हणजे गुरे. शाळेचे पैसे, आजारपण, लग्नातील देणे हे सारे एखादे जनावर विकून भागत असे. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून हे गोधन लुटले गेले आणि बहुतेक घरांचे ते पुन्हा पूर्वीसारखे उभे राहिले नाही. छावणीत वाढलेल्या पुष्कळ आयांचे शिक्षण प्राथमिक शाळेतच थांबले, त्यामुळे मुलीच्या अभ्यासाला घरातून हातभार लावणारे कोणी नसते. छावण्यांतून परतल्यावर जमिनीच्या हद्दींवरून तंटे उभे राहिले. जमिनीवरचा हक्क बापाच्या कुळाकडून येतो, म्हणून टोळीच्या कैदेत जन्मलेल्या आणि बापाचे कूळ ठाऊक नसलेल्या मुलांना, तसेच त्यांच्या आयांना, गावात पाय टेकायला जागा मिळवणे फार कठीण गेले. ही सगळी युद्धाचीच देणी आहेत, पण त्यांत बंदुकीचा आवाज नाही, आणि म्हणून देणगीच्या पत्रकांत ती क्वचितच दिसतात. आजच्या पंधरा वर्षांच्या मुलीची कहाणी संस्थेने अपहरणाच्या भाषेत लिहून पाठवली असेल, तर ही नेमकी कोणाची कहाणी आहे, असे शांतपणे आणि आदराने विचारा.

गादी-ट्रंकेसह वसतिगृहाचा खर्च पाहून हा पैसा दिवसशाळेवर का खर्च होऊ नये, असे तुमच्या मनात येईल. आबोकेची घटना तुम्ही गुलूत ऐकली असेल. लांगो भागातील आबोके येथील सेंट मेरीज कॉलेज ही ननांनी चालवलेली मुलींची निवासी माध्यमिक शाळा. १० ऑक्टोबर १९९६ च्या पहाटे बंडखोरांनी तिच्या वसतिगृहातून १३९ मुली पळवून नेल्या. शाळेच्या उपमुख्याध्यापिका, इटालियन सिस्टर राकेले फासेरा, एका शिक्षकाला बरोबर घेऊन टोळीच्या मागावर जंगलात गेल्या आणि त्यांनी १०९ मुली परत मिळवल्या. ३० मुली टोळीने ठेवून घेतल्या. त्या काळात मुलीला वसतिगृहात ठेवणे म्हणजे तिला धोक्यात लोटणे होते. आज त्याच प्रदेशात वसतिगृह ही आईबापांना सर्वांत सुरक्षित जागा वाटते, कारण माध्यमिक शाळा गावापासून दूर असते, पायवाटेने दोन्ही वेळा एकटीने चालावे लागते, बोडा म्हणजे भाड्याच्या मोटारसायकलीवर बसवून सोडण्याच्या बदल्यात मुलींकडे नको त्या मागण्या होतात, आणि घरी पोचल्यावर पाणी, सरपण, स्वयंपाक आणि भावंडे यांतून दिव्याखाली बसण्याइतका वेळ उरत नाही. ज्या जिल्ह्यांत कर्मवीरांची वसतिगृहे उभी राहिली, त्या भागात तुम्ही नोकरी केली आहे, त्यामुळे राहण्याची सोय झाली की मुलीचे शिक्षण कसे टिकते, हे तुम्हाला माझ्यापेक्षा अधिक ठाऊक असेल. म्हणून वसतिगृहाचा खर्च पाहून कचरू नका. मात्र वसतिगृहाला कुंपण, रात्रीची रखवाली आणि राहती महिला अधीक्षक आहे की नाही, हे तुमच्या मुलीला स्वतः पाहून यायला सांगा.

आता निवडीविषयी. आबोकेच्या पळवलेल्या मुलींपैकी एकीची आई आंजेलिना आत्याम या परिचारिका होत्या. पळवल्या गेलेल्या मुलांच्या पालकांची संघटना उभी करण्यात त्यांचा मोठा वाटा होता, आणि त्या कामासाठी १९९८ मध्ये त्यांना संयुक्त राष्ट्रांचा मानवाधिकार पुरस्कार मिळाला. बोलणे बंद केले तर तुमची मुलगी सोडू, असा निरोप टोळीकडून त्यांना आला होता. सगळ्या मुली सोडा, असे त्यांनी उत्तर पाठवले. त्यांची मुलगी पुढे २००४ मध्ये सुटून आली. त्या आईसमोरचा प्रसंग आणि तुमच्यासमोरचा प्रश्न यांची बरोबरी होणार नाही, हे मला कळते. तरीही त्याच भूमीतल्या एका बाईने, जिवावर बेतलेले असतानाही, एकीला बाजूला काढणे नाकारले, हे तुम्हाला ठाऊक असावे असे वाटले.

तुम्ही निवड करू नका. संस्थेला लिहा की मुलींची निवड शाळा, गावातील वडीलधारे आणि संस्थेचे कार्यकर्ते यांनी गरज पाहून करावी, तुमचे पैसे त्या वर्षीच्या संपूर्ण तुकडीच्या निधीत जावेत, आणि कोणाचे पैसे कोणत्या मुलीला लागले हे मुलींना कळण्याचे कारण नाही. एका मुलीचे नाव एका देणगीदाराशी जोडले, की नकळत एक ओझे तयार होते. देखण्या फोटोच्या मुलीला आधी पैसे मिळतात आणि अबोल मुलगी मागे राहते. मुलीने पत्र लिहिले नाही तर देणगीदार हिरमुसतो. ती नापास झाली, गरोदर राहिली किंवा शाळा बदलली, तर देणाऱ्याला फसवणूक झाल्यासारखे वाटते. सोळा वर्षांच्या मुलीने आपले दुःख परक्या माणसासमोर मांडून शिक्षण विकत घ्यावे, ही अपेक्षाच मला मान्य नाही. कोनीचा सेनानी डॉमिनिक ओंगवेन याला आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाने २०२१ मध्ये सक्तीचे विवाह आणि सक्तीचे गरोदरपण यांसह अनेक गुन्ह्यांसाठी दोषी ठरवले, तेव्हा साक्ष देणाऱ्या कित्येक स्त्रियांची खरी नावे त्या न्यायालयानेही उघड होऊ दिली नाहीत. देणगीसाठी मुलीचा चेहरा, नाव आणि गाव देशोदेशी पाठवणाऱ्या संस्थेने हा धडा घ्यायला हवा. आलेले फोटो तुम्ही कोणालाही पुढे पाठवू नका, महिला मंडळाच्या व्हॉट्सअॅप समूहातही नको, आणि ते काढताना मुलीची आणि तिच्या पालकांची संमती कोणी, कोणत्या भाषेत घेतली होती, हे संस्थेला अवश्य विचारा. या प्रश्नाला मिळणाऱ्या उत्तराच्या सुरावरून तुम्हाला संस्थेविषयी पुष्कळ काही कळेल.

मांडीवर बाळ असलेल्या त्या मुलीविषयी तुम्ही काही विचारलेले नाही, पण तुमचे पत्र तिथे थबकले आहे, म्हणून लिहिते. २०१६ च्या राष्ट्रीय आरोग्य पाहणीनुसार युगांडात १५ ते १९ वयोगटातील दर चार मुलींपैकी एक आई झालेली किंवा गरोदर होती. त्यानंतर कोविडच्या काळात, मार्च २०२० पासून जानेवारी २०२२ पर्यंत, तेथील शाळा कमीअधिक प्रमाणात बंद राहिल्या, आणि जगात इतका काळ कोठेच शाळा बंद नव्हत्या. शाळा उघडल्या तेव्हा कित्येक मुली परत येण्याच्या स्थितीत नव्हत्या. बाळंत झालेल्या मुलींना पुन्हा प्रवेश द्यावा, असे सरकारी धोरण २०२० पासून आहे, तरीही अनेक ठिकाणी शाळा कचरतात. उत्तर युगांडातील पादेर येथे अशाच मुलींसाठी, बाळासह राहता येईल अशी माध्यमिक शाळा उभी राहिली, कारण नेहमीच्या शाळांत त्यांना सामावून घेतले जात नव्हते. तुम्ही संस्थेला विचारा की शिकत असताना मुलगी गरोदर राहिली तर तिची मदत थांबते का, आणि बाळंतपणानंतर ती परत आली तर बाळ सांभाळण्याचा खर्च दिला जातो का. बाळाला सांभाळणाऱ्या आजीच्या घरी महिन्याकाठी थोडे धान्य किंवा साबण पोचला, तर मुलगी वर्गात टिकते. तो पोचला नाही तर पूर्ण शिक्षणशुल्क भरूनही ती टिकत नाही. गरोदर राहताच मुलीचे नाव काढून टाकणाऱ्या संस्थेला मी माझे पैसे देणार नाही, आणि तुम्हीही देऊ नयेत असे माझे स्पष्ट मत आहे.

अशा मुलींसाठी शिवणकाम शिकवणे पुरे, असे तुम्हाला कोणी सुचवेल. सिस्टर रोझमेरी न्यिरुम्बे यांनी गुलूच्या सेंट मोनिका केंद्रात टोळीतून परतलेल्या, अर्ध्यावर शाळा सुटलेल्या मुलींना शिवण आणि स्वयंपाक शिकवून पायावर उभे केले, आणि त्या कामाविषयी मला नितांत आदर आहे. मात्र त्या मुलींना तेव्हा वर्गात परतण्याची वाटच उरली नव्हती. आज जी मुलगी सातवीची परीक्षा उत्तीर्ण होऊन माध्यमिक शाळेत जाऊ इच्छिते, तिच्यासमोर केवळ ती आई झाली म्हणून शिवणयंत्र ठेवणे अन्यायाचे आहे. तिला काय हवे ते तिलाच विचारले जावे.

महिला मंडळाच्या वस्तूंबाबत माझे उत्तर थोडक्यात आहे: पाठवू नका. वाहतूक आणि सीमाशुल्कातच वस्तूंच्या किमतीहून अधिक पैसा जाईल. गणवेश शिवणारे शिंपी गुलूच्या बाजारात आहेत, वह्या तेथेच मिळतात, आणि धुऊन पुन्हा वापरता येणारे पॅड युगांडातच तयार होतात. तेथून खरेदी केली तर मुलीची गरज भागते आणि तिच्याच गावच्या शिंप्याला कामही मिळते. मंडळाच्या भगिनींना काही करायचेच असेल, तर पॅड, साबण आणि अंतर्वस्त्रे यांसाठी तीनही सत्रांत पुरेल एवढी रोख रक्कम त्यांनी गोळा करावी.

संस्थेची पारख करताना नोंदणीपासून सुरुवात करा, पण तेथे थांबू नका. युगांडात स्वयंसेवी संस्थेला सरकारी परवाना लागतो आणि ज्या जिल्ह्यात काम करायचे तेथील स्थानिक शासनाशी लेखी करार करावा लागतो. या दोन्हींच्या प्रती मागा. संस्थेची शाखा ब्रिटनमध्ये नोंदलेली असेल, तर तेथील चॅरिटी कमिशनच्या नोंदवहीत तिचा गेल्या काही वर्षांचा जमाखर्च कोणालाही पाहता येतो, आणि तुमची मुलगी तो काही मिनिटांत काढून देईल. त्यानंतर खरा प्रश्न विचारा: चार वर्षांपूर्वी किती मुलींनी सीनियर वनमध्ये प्रवेश घेतला, त्यांपैकी किती सीनियर फोरच्या परीक्षेला बसल्या, आणि ज्या बसल्या नाहीत त्यांचे काय झाले? प्रामाणिक संस्थेकडे गळालेल्या मुलींची नावनिशी आणि कारणे असतात. एकही मुलगी गळाली नाही, असे सांगणाऱ्या संस्थेपेक्षा कोण का गळाली हे सांगणारी संस्था मला अधिक विश्वासार्ह वाटते.

सुट्ट्यांविषयीही विचारा. वर्षातून तीन वेळा वसतिगृह रिकामे होते, मुली घरी जातात, आणि पुष्कळ लग्ने, पुष्कळ गरोदरपणे त्याच आठवड्यांत घडतात. सुट्टीत मुलींच्या घरी जाऊन भेटणारी, त्यांच्याशी अचोली भाषेत बोलणारी, त्यांच्या आजीला नावाने ओळखणारी कार्यकर्ती संस्थेत आहे का? शाळांमध्ये मुलींच्या अडचणींसाठी ‘सीनियर वुमन टीचर’ नेमलेल्या असतात. त्यांच्याशी संस्थेचा नियमित संपर्क आहे का? एखाद्या शिक्षकाने किंवा संस्थेच्याच माणसाने मुलीला त्रास दिला, तर ती कोणाकडे तक्रार करेल, आणि यापूर्वी अशी तक्रार आली तेव्हा काय केले गेले? देणगीतील काही भाग पगारावर खर्च होतो म्हणून नाराज होऊ नका. उन्हातान्हात घरोघर जाणाऱ्या त्या बाईचा पगार हाच मुलीच्या शिक्षणाचा सर्वांत उपयोगी खर्च असतो, असे माझे अनुभवांती मत झाले आहे.

निर्णय कोण घेते, तेही पाहा. संस्थेच्या कार्यकारिणीत त्या भागातील स्त्रिया आहेत का, आणि पूर्वी मदत घेऊन शिकलेल्या मुलींना तेथे आवाज आहे का? कॅमफेड ही संस्था १९९३ मध्ये झिंबाब्वेत ३२ मुलींपासून सुरू झाली, आणि तिच्या मदतीने शिकलेल्या तरुणींचे जाळे आज पुढच्या मुलींना शाळेत टिकवून धरण्याचे काम करते. ती युगांडात काम करत नाही, म्हणून तुमच्या प्रश्नाचे ते उत्तर नव्हे, परंतु चांगली संस्था वीस-तीस वर्षांनी कशी दिसावी हे समजायला तो दाखला उपयोगी पडेल.

पैसे पाठवण्याबाबत लोकांचा गोंधळ असतो. आपला परकीय देणग्यांविषयीचा कायदा, म्हणजे एफसीआरए, परदेशातून भारतात येणाऱ्या देणग्यांना लागू होतो. तुमचे पैसे बाहेर जाणार आहेत. भारतात राहणाऱ्या व्यक्तीला रिझर्व्ह बँकेच्या उदारीकृत प्रेषण योजनेखाली एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरपर्यंत रक्कम परदेशी पाठवता येते आणि त्यात देणगीही बसते. तुमच्या बँकेत पॅन आणि आवश्यक अर्ज देऊन, देणगी हा उद्देश नोंदवून, रक्कम थेट संस्थेच्या बँकखात्यात पाठवा. वर्षाला दहा लाखांच्या आत असल्याने तुमच्या रकमेवर टीसीएस, म्हणजे परदेशी पैसे पाठवताना बँक वसूल करते तो कर, कापला जाणार नाही. मात्र परदेशी संस्थेला दिलेल्या देणगीवर, देणग्यांसाठीची ‘८०जी’ नावाने ओळखली जाणारी करसवलत मिळत नाही, हे गृहीत धरून चाला. एखाद्या ओळखीच्या भारतीय ट्रस्टला पैसे देऊन त्यांच्यामार्फत युगांडाला पाठवण्याची युक्ती कोणी सुचवली, तर ती टाळा. धर्मादाय संस्थेने उत्पन्न भारताबाहेर खर्च करण्यावर आयकर कायद्यात कडक बंधने आहेत आणि त्यात तो ट्रस्ट अडचणीत येऊ शकतो. तुमच्या मुलीच्या हाती रोकड पाठवणे किंवा कार्यकर्त्याच्या वैयक्तिक मोबाइल खात्यावर पैसे टाकणे हेही नको. तेथे शाळेचे पैसे बँकेतून किंवा मोबाइल मनीने थेट शाळेच्या खात्यात भरता येतात. संस्थेने ते तसे भरावेत आणि सत्रागणिक पावत्या तुमच्या मुलीला दाखवाव्यात, एवढी अट घालणे रास्त आहे.

घरच्यांना उत्तर देताना गुलूच्या मुलींचे दुःख आपल्याकडच्या मुलींपेक्षा मोठे आहे, असे सिद्ध करायला जाऊ नका. तशी मोजमापे करणे दोन्हीकडच्या मुलींवर अन्याय करणारे आहे. तुम्ही तेथे गेलात, तेथील शाळा पाहिली, तुमची मुलगी तेथे राहते आणि कामावर नजर ठेवू शकते, एवढे कारण पुरेसे आहे. माणूस जेथे पोचू शकतो तेथे मदत करतो. मात्र एक वचन त्यांना अवश्य द्या आणि स्वतःलाही द्या, की गावातील ज्या दोन मुलींचा वसतिगृहाचा खर्च तुम्ही उचलला आहे, तो त्यांचे शिक्षण पूर्ण होईपर्यंत चालू राहील. गुलूसाठी त्यांच्या खर्चाला हात लावावा लागणार असेल, तर गुलूची रक्कम कमी करा. आजारपण आणि म्हातारपण यांसाठी ठेवलेल्या पैशांनाही हात लावू नका. तुमच्या आईलाही ते आवडले नसते, असे मला वाटते.

शेवटी वेळापत्रक. युगांडात सातवीची परीक्षा साधारण नोव्हेंबरात होते, निकाल जानेवारीत लागतो आणि सीनियर वनचे प्रवेश फेब्रुवारीत होतात. म्हणून वरचे सगळे प्रश्न संस्थेला सप्टेंबरमध्येच लेखी पाठवा आणि नोव्हेंबर संपेपर्यंत उत्तरांची वाट पाहा. उत्तरे समाधानकारक वाटली तर पहिल्या वर्षाची रक्कम जानेवारीत पाठवा, आणि उरलेल्या रकमेच्या एक, दोन आणि तीन वर्षांच्या मुदत ठेवी करून ठेवा, म्हणजे दरवर्षी जानेवारीत एक हप्ता हाती येईल. चलनाचा दर आणि शाळेचे शुल्क दोन्ही वाढतात, म्हणून एकूण रकमेतील सुमारे सहावा भाग त्यासाठी राखून मगच मुलींची संख्या ठरवा. ठेवींवर तुमच्या मुलीचे नाव संयुक्त खातेदार म्हणून लावा आणि चार वर्षांचे वेळापत्रक तिच्याकडे लेखी द्या, म्हणजे तुम्हाला काही कारणाने लक्ष घालता आले नाही तरी हप्ता चुकणार नाही. संस्थेलाही हे वेळापत्रक पहिल्या हप्त्याबरोबरच कळवा, कारण पुढच्या तीन वर्षांचे पैसे ठरलेले आहेत हे माहीत असेल तरच ती मुलीच्या पालकांना तसा शब्द देऊ शकेल.